कोठीच्या गर्दीत दिसू नये म्हणून

त्या दुपारचा विषय निघाला की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. उठतो, खिडकीपाशी जातो, खाली रस्त्यावर उगाच नजर टाकतो. बायको म्हणते, "आता रिटायर झालात, कुणावर नजर ठेवताय?" तिला काय सांगणार?

या हकिगतीत मी कुणाचंही नाव घेणार नाही. ज्या बाईची ही गोष्ट आहे, तिनं आपलं नाव सांभाळण्यासाठी फार सोसलं आहे.

मी तेव्हा हैदराबादेतल्या कोठीच्या बाजारालगतच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं निजामाच्या राज्यातलं, मराठवाड्यातलं शेतकरी. आजोबांच्या वेळेपासून आम्ही हैदराबादेत. घरात मराठी, गल्लीत दखनी आणि ठाण्यात तेलुगू, अशी आमची तीन तोंडं. त्या केसमध्ये त्यातलं पहिलं तोंड कामी आलं.

उन्हाळ्याची दुपार होती. बाजारातल्या एका कापड दुकानदाराचा फोन आला. त्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये काही दिवसांपासून चोऱ्या होत होत्या. एक बुरख्यातली बाई रोज सकाळी येते, बायकांच्या बाथरूममध्ये जाते आणि साध्या सलवार-कमीजमध्ये मागच्या दारानं बाहेर पडते. संध्याकाळी उलटं. आज ती दुपारीच परतली, तेव्हा दुकानदारांनी तिला घेरलं होतं.

बातमी ऐकूनच मी उठलो. चोरी असो नसो, बुरखा ओढलेली बाई आणि भोवती जमाव, एवढ्यावर या शहरात काहीही पेटू शकतं. महिला सब-इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई घेऊन आम्ही पायीच धावलो. गाडीपेक्षा ते लवकर होतं.

गर्दी फोडून आत गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. वय तिशीच्या आसपास. तोंडावरचा नकाब कुणीतरी खाली ओढला होता. समोर चार-पाच मोबाईल तिच्यावर रोखलेले.

"चोट्टी है साब," एक जण ओरडला. "रोज कपड़े बदल को जाती. बॅग देखो इसकी!"

बॅगेत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि घडी केलेला पांढरा कोट निघाला. चोरीचं काहीच नाही. मी मोबाईल खाली करायला लावले. पण ज्यांनी चित्रण केलं होतं त्यांनी ते कधीच पुढे पाठवलं होतं. 'कोठीत बुरखेवाली चोर पकडली' असं लिहून.

ठाण्यात आणल्यावर ती बोलेना. सब-इन्स्पेक्टरनं तेलुगूत विचारलं, हिंदीत विचारलं, पाणी दिलं. ती एकच सांगत होती, "नाम मत लिखिए." चोर माणूस नाव खोटं सांगतो, गाव खोटं सांगतो, देवाची शपथ घेतो. नाव लिहूच नका म्हणणारा फार क्वचित भेटतो. तिची नजर खोलीत टिकत नव्हती. दार, खिडकी, पुन्हा दार. बाहेर बाइक थांबली की तिचे खांदे आखडायचे.

मग ती स्वतःशीच पुटपुटली, "संपलं आता. दिसले मी."

मी पेन खाली ठेवलं. "कुणाला दिसलात, ताई?"

तिनं दचकून वर पाहिलं. मराठी ऐकताच तिचा चेहरा आधी पांढरा पडला. तिकडून कुणी आलं की काय, असं तिला वाटलं असणार. मी माझ्या मूळ गावाचं नाव सांगितलं, घरी कोण कोण आहे ते सांगितलं. हळूहळू ती बोलायला लागली.

ती नांदेडकडची. बौद्ध कुटुंब, वडील वीज खात्यात होते, आता हयात नाहीत. आई गावी. ती स्वतः कोठीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करत होती. नवऱ्यानं दोन वेळा जीव घेण्याचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या वेळी विळ्यानं. तिनं बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत वण होता. त्याला अटक झाली, घटस्फोट झाला आणि ती हैदराबादला आली. पुढे तो जामिनावर सुटला. सुटल्याचं तिला कुणी कळवलंही नाही. चुलतभावानं त्याला गावातल्या हॉटेलात चहा पिताना पाहिलं, तेव्हा कळलं.

"मग तुम्ही काय केलं?"

"नाहीशी झाले, साहेब."

तिनं जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. रोज वेगळ्या थांब्यावरून बस. रस्त्यानं चालताना एखादं कुटुंब दिसलं की त्यांच्या मागे असं चालायचं, की बघणाऱ्याला त्यांच्यातलीच वाटावी. रंगीत कपडे बंद. मोठ्यानं हसणं बंद. बाहेर असताना फोनवर आईशी मराठी बोलणं बंद, कारण मराठी कानावर पडली की मराठी माणूस वळून बघतो. घाई कधीच करायची नाही, कारण धावणारी बाई सगळ्यांच्या लक्षात राहते. आणि कोठीपर्यंत बुरखा. लॅबमध्ये सगळे तिला नावानं ओळखायचे, पेशंटनी भलते प्रश्न विचारू नयेत म्हणून तो कॉम्प्लेक्समध्ये बदलायचा.

"बुरखा कुठून आणला?"

तिनं बॅगेची चेन ओढून बंद केली. दुसऱ्या कुणाला अडकवायचं नव्हतं तिला. पण ते दुसरं कुणी स्वतःच ठाण्यात आलं. मलकपेठेत तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी एक शाळामास्तरीण. फोनवर तो व्हिडिओ बघून रिक्षानं थेट आली होती. दारातल्या शिपायाला न जुमानता माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"हौ साब, बुरखा मेरा है. मैंच पहनाई इनकु. जान बचाने कु पहनी, चोरी करने कु नै. जुर्म है तो मेरा नाम लिखो."

"जुर्म नाही, बसा," मी म्हणालो. ती बसली नाही. मैत्रिणीजवळ गेली, ओढलेला नकाब तिनं नीट केला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

चोरीचा संशय तिथेच संपला. माझी तगमग मात्र तिथून सुरू झाली. चेहरा, बुरखा, जागा, सगळं त्या व्हिडिओत होतं. पुढे पाठवू नका म्हणून आम्ही बाजारातल्या ग्रुपवर सांगितलं. पण गावोगावचे फोन कोण थांबवणार?

"त्याला तुम्ही हैदराबादेत असल्याचं माहीत आहे का?" मी विचारलं.

"वाटतं. आबिड्सच्या बाजारात एकदा पाठमोरा दिसल्यासारखा झाला. भास असेल म्हणून सोडून दिलं."

मी तिच्या आईला फोन लावायला सांगितला. आई बोलता बोलता अडखळल्या. काही आठवड्यांपूर्वी 'कोर्टातून बोलतोय' म्हणून कुणाचा तरी फोन आला होता. समन्स द्यायचं आहे, मुलगी कुठे काम करते? "कोठीला लॅबमध्ये, एवढंच सांगितलं वं बाई," आई रडायला लागल्या. "लॅबचं नाव मला तरी कुठं माहीत?" मुलीनं फोन कानाशी धरून ठेवला. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

म्हणजे तो इथे होता. आमच्याच हद्दीत. नांदेडच्या ठाण्यातून त्याचा फोटो मागवला. लग्नातला, फेटा बांधलेला, जाड मिशीचा. त्या फोटोवरून माणूस शोधणं अशक्य होतं. मी बाजारातून एक फेरी मारली तर दर तिसरा माणूस मला तोच वाटायला लागला. एका पानवाल्यापाशी उभ्या असलेल्या इसमाचा मी दंडच धरला. तो बिचारा बायकोला दवाखान्यात सोडून बाहेर थांबला होता.

परत येऊन कॉम्प्लेक्सच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. चोरीच्या तपासासाठी ते घ्यायचंच होतं. तिला आणि तिच्या मैत्रिणीला शेजारी बसवून आम्ही आधीच्या दिवसांचं चित्रण बघू लागलो. फाटकावर दोन लॅबच्या पाट्या होत्या, तिची लॅब मात्र मागच्या गल्लीत होती. फाटकासमोरच्या झाडाखाली डिलिव्हरीची पोरं थांबायची. येणारी, जाणारी, घामाघूम. माझी नजर त्यातल्या एकावर अडकली. कडक ऊन आणि हा डिलिव्हरीचं जॅकेट चढवून, थांबल्या जागीही डोक्यावर हेल्मेट घालून. दुसऱ्या दिवसाच्या चित्रणातही तोच, तसाच. डिलिव्हरीचा पोरगा थांबला की मोबाईलमध्ये डोकं घालतो, पुढची ऑर्डर शोधतो. हा मोबाईलकडे बघतच नव्हता. आत शिरणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा बघत होता.

"थांबवा," ती म्हणाली. "जरा मागे घ्या."

पडद्यावर तो माणूस उजवा तळहात मांडीवर पुसत होता. एकदा, परत एकदा.

"तोच आहे."

चित्रण पुढे चालू राहिलं. फाटकातून एक बुरख्यातली बाई आत शिरली. त्या माणसाच्या इतक्या जवळून, की त्यानं हात पुढे केला असता तर खांद्याला लागला असता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवून मागच्या बाईकडे लावली.

पडद्यावरची ती बाई हीच होती. तिनं मैत्रिणीचा हात इतका घट्ट धरला की मैत्रिणीची बांगडी पिचली.

व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचला असेल, तर आता मात्र तो बुरखाच त्याला खूण पटवून देणार होता. ती म्हणाली, "उद्या मी जाते, साहेब. मला बघितल्याशिवाय तो पुढे येणार नाही." मी साफ नाही म्हणालो. तेव्हा आमची सब-इन्स्पेक्टर उठली. उंची साधारण तेवढीच. "नेनु वेळ्ता, सर," मी जाते, म्हणाली आणि बुरख्यासाठी हात पुढे केला. मैत्रिणीनं तो तिला स्वतः घालून दिला. "तेज नक्को चलो," बजावलं, "पोलीसवालों के जैसा सीना निकाल को नक्को चलो."

त्या दोघींना आम्ही एका ओळखीच्या कुटुंबाकडे पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या पुस्तकांच्या स्टॉलवर उभा होतो. हातात कुठलं पुस्तक होतं ते विचाराल तर सांगता येणार नाही. दोन शिपाई रसवंतीपाशी. झाडाखाली तो आला, हेल्मेटसकट. रोज बाइकवरच असायचा, आज उतरून उभा होता. पाठीवरची चौकोनी बॅग त्यानं पोटाशी घेतली होती.

सब-इन्स्पेक्टर बस थांब्याकडून आली. चाल हळू, खांदे उतरलेले. तो हलला. माझ्या आणि त्याच्या मध्ये फळांची गाडी, दोन रिक्षा, शाळेच्या पोरांचा घोळका. एवढंसं अंतर कापता कापता मला दम लागला. तो तिच्या पाठीशी पोचला आणि मराठीत, अगदी हळू म्हणाला, "घरी चल."

ती वळली आणि तिनं त्याचं मनगट पकडलं. बॅगेतला दुसरा हात बाहेर येण्याआधी मी तो वरून दाबून धरला.

पंचांसमोर बॅग उघडली. दुकानातून आणलेली नवी साडी, खोक्यासकट. खोक्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा.

चौकशीत तो शांत होता. मी मराठी बोलतो म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. "साहेब, तुम्ही आपल्याकडचे. समजून घ्या. नवरा-बायकोचं आहे."

"घटस्फोट झालाय. साडी कोणासाठी?"

"तिच्यासाठीच की."

"आणि विळा?"

"शेतातला आहे. राहून गेला असेल."

"जॅकेट?"

"पोटासाठी काम करतो. गुन्हा आहे का?"

"मग ऑर्डर दाखव." त्याच्या मोबाईलमध्ये डिलिव्हरीचं काहीच नव्हतं. जॅकेट आणि बॅग त्यानं जुन्या बाजारात विकत घेतली होती. मी ते जॅकेट टेबलावर पसरलं आणि गप्प बसलो. चौकशीत कधी कधी प्रश्न न विचारणं फार उपयोगी पडतं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "असल्या पोराकडं कुणी बघत नाही, साहेब. महिन्यावर उभा होतो तिथं. कुणी विचारलं नाही कोण म्हणून."

"साडी आणि विळा, दोन्ही कशाला आणलंस?"

त्यानं तळहात मांडीवर पुसला.

"ती काय बोलती, त्यावर होतं."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की माझ्या शेजारचा लेखनिक लिहिता लिहिता थांबला. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून कॅमेऱ्याचं चित्रण, आईला केलेल्या फोनची नोंद, जॅकेट विकणाऱ्याची साक्ष आणि जामिनाची मोडलेली अट, असं सगळं बांधून आम्ही केस उभी केली. जामीन रद्द झाला. दोन्हीकडचे खटले चालले आणि त्याला शिक्षा झाली. व्हिडिओ काढणाऱ्यांवरही मी गुन्हा दाखल केला. दुकानदार मंडळी नाराज झाली, होऊ दिली. कापडाची चोरी कॉम्प्लेक्समधल्याच एका नोकरानं केली होती, ते यथावकाश उघड झालं.

तोपर्यंत ठाण्यात आलेल्या बायकांना आम्ही सांगायचो, एकट्या जाऊ नका, रस्ता बदला, लक्ष वेधेल असं काही घालू नका. ते चूक होतं असं मी म्हणत नाही. त्याच सावधपणानं तिला महिनाभर जिवंत ठेवलं. पण तिनं हे सगळं करूनही तो हातभर अंतरावर उभा होता आणि त्याला कुणी हटकलं नव्हतं. त्या केसनंतर अशी तक्रार आली की बाईनं काय काळजी घ्यावी हे मी मागाहून बोलायचो. आधी विचारायचो, तो माणूस आज कुठे आहे? आरोपी जामिनावर सुटला तर त्याच दिवशी बाईला फोन गेला पाहिजे, ही सवय मी माझ्या ठाण्याला लावली. पुढच्या अधिकाऱ्यांनी ती ठेवली की नाही, माहीत नाही. हे मनात आलं की पुन्हा खिडकीपाशी जातो.

निवृत्तीनंतर एकदा चष्मा करायला आबिड्सला गेलो होतो. दुकानातून बाहेर पडतो तोच रस्त्यापलीकडून खणखणीत हाक आली, "साहेब! ओ साहेब! जय भीम!"

चालती माणसं वळून बघायला लागली. पिवळ्याधमक साडीतली एक बाई हात हलवत होती. सोबत वयस्कर आई. रहदारीतून वाट काढत दोघी माझ्यापर्यंत आल्या. माझी नजर तिच्या चेहऱ्यावर ठरायच्या ऐवजी कडेला थांबलेल्या गाड्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर फिरत होती.

"ताई, जरा हळू," मी म्हणालो.

"का हो, साहेब?" तिचा आवाज तेवढाच मोठा. "कोण ऐकतंय?"

मी पुन्हा एकदा चहूकडे बघितलं. लोक आपापल्या वाटेनं चालले होते. ती माझ्याकडे बघत उभी होती, उत्तराची वाट बघत.

"कुणी नाही," मी म्हणालो. आणि मग, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, "जय भीम, ताई."