व्हीनसचे डोळे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांच्या शेजारी तर मी दर आठवड्याला जाऊन बसतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही नामदेवअण्णांना ओळखत नाही, एवढंच कारण असेल कदाचित.

अण्णा भोरचे रंगारी. दुकानांच्या पाट्या, देवळांचे खांब, टेम्पोच्या मागचे मोर, सगळं त्यांच्या हातचं. पण गावोगावी नाव झालं ते गौरीच्या मुखवट्यांमुळे. गणपती जवळ आले की पार पासलीपासून बाया जुने मुखवटे फडक्यात गुंडाळून एसटीनं घेऊन यायच्या. अण्णा गाल, ओठ, कुंकू आधी रंगवून ठेवत. डोळे मात्र शेवटी — अंघोळ करून, उपाशीपोटी, त्या घरचं माणूस समोर बसवून. याला ते डोळे उघडणं म्हणत.

मी शाळेत इतिहास शिकवला. वाचन बरं आहे. त्यामुळे कशाला हसायचं हे मला चटकन कळतं.

काही वर्षांपूर्वी नसरापूरजवळ एक नवं मंगल कार्यालय झालं. मालक आबा सहलीला युरोपात जाऊन आले होते. तिथल्या हॉटेलात पाहिलेली चित्रं त्यांना स्टेजमागे हवी होती — रोकोको पद्धतीची, म्हणजे जुन्या फ्रान्समधले गुलाबी ढग, पंखवाली गुबगुबीत पोरं, आणि त्यांच्या मधोमध काहीही काम नसलेल्या देवता. छापील नकोत, हातानं रंगवलेली. काम अण्णांकडे आलं, नकलेसाठी पुस्तक माझ्याकडून गेलं. आबांची अट एकच, मधली देवता व्हीनस नेसलेली हवी. अण्णांनी तिला जरीकाठी निळं लुगडं नेसवलं. खरं सांगू? तिला ते शोभत होतं.

ही बाई कोण, असं अण्णांनी मला विचारलं होतं. समुद्रातून आलेली, आपल्या लक्ष्मीसारखीच, असं मी सांगितलं. थट्टेत सांगितलं की समजावून? आता मलाही नक्की आठवत नाही. अण्णांनी मात्र ते मनावर घेतलं. पोरांचे डोळे काढले, ढग पुरे केले, आणि व्हीनसला तशीच ठेवली. दोन पांढऱ्या जागा. आबांना समोर बसवून उघडायचे म्हणाले. फ्रान्सच्या त्या बाईसाठी हा माणूस सकाळपासून उपाशी होता.

चित्र स्टेजला टेकवून ठेवलेलं. आबा यायचे होते. अण्णा अंघोळीला मागच्या नळावर गेले. हॉलमध्ये मी एकटा —

इथं मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही.

बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवून बशीवर ठेवलेला होता. मी तो उचलला आणि व्हीनसचे डोळे काढले.

का? त्या सोवळ्याची मला चीड आली होती का? की ते माझ्याच एका थट्टेवर उभं होतं म्हणून ओशाळलो होतो? की — हेही असेल — आपल्याला जमतंय का, एवढंच बघायचं होतं? प्रत्येक उत्तर थोडा वेळ खरं वाटतं. जमलं नाही, हे नक्की. एक डोळा पंगतीच्या खोलीकडे, दुसरा पंख्याकडे. मी कुंचला जागेवर ठेवला आणि दारात जाऊन रस्ता बघत उभा राहिलो.

अण्णा ओल्या केसांनी आले. चित्रापाशी वाकून डोळे बघितले.

"सर, हितं कोन आलं व्हतं का?"

"नाही. कोणीच नाही."

माझ्याबद्दलचा संशय त्यांच्या मनाला शिवलाही नाही. शिकलेला माणूस, अंघोळीशिवाय देवीच्या डोळ्यांना कशाला हात लावेल? त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याला काळा रंग होताच. रंगाऱ्याच्या अंगठ्याला कधी नसतो?

"मग म्याच काढलं असनार," ते म्हणाले. "अन् मला आठवंना. आईचं असंच सुरू झालं व्हतं."

त्यांची आई शेवटी स्वतःच्या दारात उभी राहून घराचा पत्ता विचारायची. भोरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "उन्हाचं होतं असं, अण्णा."

त्यांनी चित्रातले डोळे पुसले, पण पुन्हा काढले नाहीत. वरून पापण्या रंगवून टाकल्या. आबा आले, त्यांना चित्र फार आवडलं. देवी लाजतीय म्हणाले.

त्या साली गणपतीत बाया मुखवटे घेऊन आल्या; अण्णांनी डोळे उघडायला नकार दिला आणि त्या तशाच परत गेल्या. पुढच्या साली निम्म्याच आल्या. आता बाजारातून तयार मुखवटे आणतात. अण्णांनी कुंचले देऊन टाकले. गॅस बंद केला का, हे ते आपल्या बायकोला, काकूंना, पुन्हा पुन्हा विचारतात. विसरतात म्हणून की विसरू या भीतीनं, मला कळत नाही. त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, प्रश्न विचारले. वयाच्या मानानं स्मरणशक्ती उत्तम आहे म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

परवा गेलो तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. सरकून मला जागा करून दिली.

"डॉक्टर म्हनतो समदं ठीक हाय," ते म्हणाले. "त्याला काय ठावं? त्या दिवशी तो न्हवता. तुमी व्हता, सर. तुमीच सांगा, म्या काढलं ना ते डोळं?"

मी हो म्हणालो. मग काकूंनी चहा आणला, तो आम्ही प्यालो.