राहीबाईचं चाक

मलकापुरात सडकेला लागून पत्र्याचं एक खोपट होतं. त्या खोपटात लेथ होती. लोखंड फिरवत ठेवून त्याची साल काढणारं असं यंत्र त्या अंगाला दुसरं नव्हतं. माधवनगरच्या गिरणीत फिटर म्हणून राबलेल्या नाथाजीनं ते मोडीत निघालेलं घेतलं, रेल्वेनं कऱ्हाडपर्यंत आणि तिथनं बैलगाडीतनं आणलं, आणि जोडून उभं केलं. इंजिन कुठलं असायला. भिंतीशी एक मोठं चाक बसवलं, त्यावरून लेथला पट्टा ओढला आणि चाक फिरवायला बायको उभी केली. तिचं नाव राहीबाई.

माहेरी तिनं जात्याचा खुंटा धरला होता, सासरी चाकाची मूठ धरली. नाथाजी लोखंडाकडं बघायचा, ती त्याच्या पाठीकडं बघायची. त्याचा उजवा खांदा जरा खाली आला की जोर लावायचा, वर गेला की सैल सोडायचं. गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आधी उसाच्या चरकाचे कणे, म्हणजे लाटा ज्यावर फिरतात ते आस, कातायला गावोगावची माणसं यायची. नाथाजीचा कणा म्हटला की कुणी तो मापून घेत नव्हतं.

मग लढाईच्या दिवसांत काहीतरी बिघडलं. कणा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक उतरायला लागला. फरक केसाएवढा, पण होता. नाथाजी हत्याराला धार लावी, कणा पुन्हा चढवी, डोळ्याजवळ धरून बघत बसे.

"माझं डोळं गेलं बग," तो म्हणाला.

"डोळं न्हाई गेलं. झोपत न्हाई तुमी," राहीबाई म्हणाली.

त्याच हंगामात भाऊसोच्या चरकाला नाथाजीचा कणा होता. भाऊसो त्याच्या बरोबरीचा, आळीतलाच गडी. तो ऊस घालत असताना बारीक टोकाला ढिला झालेला कणा उसळला, ऊस पिळणारी लाट सरकली आणि उसाबरोबर भाऊसोचा हात आत गेला. मिरजेच्या दवाखान्यात कोपरापासून काढला. घरी आल्यावर दर बाजारादिवशी तो खोपटासमोर सडकेवर उभा राही आणि नाथाजीला आईबहिणीवरून शिव्या देई. नाथाजी आत पट्ट्याखाली बसून ऐके. लेथला त्यानं पुन्हा हात लावला नाही, पुढं जेवणालाही लावला नाही. श्रावण सरायच्या आत गेला. जाताना राहीबाईला एवढंच म्हणाला, "हात चुकला गं माझा."

लढाई संपली आणि त्यांचा मुलगा मानसिंग फौजेतून परत आला. तिकडं तो मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात होता. बापाची लेथ आता त्याची झाली. आईनं त्याला धड पाणीही पिऊ दिलं नाही.

"त्यांचा हात चुकत हुता, का ह्ये मशीन चुकत हुतं, तेवढं मला सांग."

"आये, आंग तर धुऊ दे. मशीन काय पळून चाललंय?"

"ज्याला जायाचं त्यो गेला. तू बग."

दुसऱ्या दिवशी त्यानं एक कांब चढवली आणि आईला चाकावर उभं केलं. कांब निमुळती उतरली. हत्यार बदललं, तरी निमुळती. हत्यार पुढं सरकवणारा स्क्रू साफ केला, तरी तेच. मानसिंगचे डोळे तरणे होते, हातही तरणा होता, तरी कांब बापाच्या कण्यासारखीच उतरत होती.

"आबाचा हात न्हवं," तो म्हणाला. "मशीनच हाय."

राहीबाईनं चाकाची मूठ सोडली आणि खाली बसली. नाथाजी गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्यानं रडली.

मग मानसिंगनं लेथचं डोकं खोललं. जे लोखंडाला पकडून फिरवतं ते हे जड डोकं, बिडाच्या लांब पाटावर बोल्टांनी आवळलेलं. आढ्याला दोर बांधून दोघांनी ते उचललं. मागच्या कोपऱ्याखाली गंजाचे थर फुगून बसले होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. त्या गंजानं डोकं तेवढ्या कोपऱ्यात केसभर उचलून वाकडं केलं होतं, म्हणून कणा निमुळता उतरत होता.

मानसिंगनं बघितलं आणि झटकन वर फडकं टाकलं.

"काय रं त्ये?"

"गंज. जुनं मशीन हाय, आये."

"फडकं काढ."

"आता काय बगायचं त्यात?"

तिनं स्वतःच काढलं. गंजात कुंकवाच्या लाल रेघा होत्या आणि नारळाच्या शेंडीचे दोन केस चिकटले होते.

दर खंडेनवमीला ती लेथची पूजा करायची. हळदकुंकू, झेंडू, आणि डोक्याच्या त्याच कोपऱ्यावर नारळ फोडायचा. पाणी तिथनं खाली झिरपायचं. पहिल्याच वर्षी नाथाजी फडकं घेऊन आला होता. "बिडाला पानी लागतंय, पुसतो," म्हणाला. तिनं त्याचं मनगट धरलं होतं. देवाला वाहिलेलं पुसायचं नसतं, वाळू द्या आपापलं. त्यानं ऐकलं. त्यानंतर कधी विचारलंही नाही.

मानसिंगनं गंज खरवडला. देवळीतला शेंदूर तेलात कालवून पाटाला फासला, डोकं टेकवलं, उचललं, आणि जिथं शेंदूर लागला तो उंचवटा घासला. पुन्हा फासलं, पुन्हा टेकवलं. ते काम दिवसचे दिवस चाललं. राहीबाई दोर धरून उभी असे.

कांब दोन्ही टोकांना सारखी उतरली त्या दिवशी ती भाऊसोच्या दारात गेली. तो ओट्यावर बसून एका हातानं तंबाखू मळायच्या खटपटीत होता.

"भाऊसो, त्यांचा हात चुकला न्हवता. मशीनला गंज हुता. माझ्या नारळाच्या पान्याचा."

तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"वैनी, मरस्तवर नाथाजीला शिव्या दिल्या म्या," तो म्हणाला. "त्येवढ्यात सरल्या. आता तुमाला कुठनं आनू?"

"द्या. म्या ऐकाय आलीया."

"न्हाईत म्हनलं न्हवं. तंबाखू मळून द्या, बसा."

तिनं तंबाखू मळून त्याच्या तळव्यावर ठेवला आणि घरी आली.

मानसिंगकडं पहिला कणा आला तो त्याच आठवड्यात. राहीबाई चाकाशी उभी राहिली. समोर नाथाजीसारखीच पाठ होती, उजवा खांदा तसाच खाली आला. तिनं जोर लावला. चाक पूर्वी कधी फिरलं नव्हतं इतकं हलकं फिरलं.

ते जड असतं तर तिला बरं वाटलं असतं.