डाव्या पायाची शेजारीण

सिंगापुरात, पासिर रिसच्या आमच्या ब्लॉकमध्ये शेजारच्या फ्लॅटबाहेर चिखलाने माखलेले फुटबॉलचे बूट वाळत दिसू लागले, तेव्हा मी आधी वैतागलेच. मला दारासमोर चप्पलसुद्धा वाकडी पडलेली चालत नाही. दोन खडे बोल सुनवायचे ठरवून बेल दाबली, तर दार उघडलं उंच, रुंद खांद्यांच्या एका घानाच्या बाईने. तिने माझं पहिलंच वाक्य ऐकलं, बूट उचलले आणि सॉरी म्हणताना अशी काही हसली की माझे खडे बोल तोंडातच राहिले. इथल्या महिला लीगमधल्या एका क्लबची ती स्ट्रायकर होती, म्हणजे गोल करणं हीच तिची नोकरी.

गणपतीत तिला घरी बोलावलं. माझी लेक डावखुरी आहे. प्रसादाचा मोदक घ्यायला तिने सवयीने डावा हात पुढे केला, आणि मी नेहमीचं "उजवा हात" म्हणाले, त्याच क्षणी शेजारीणही इंग्रजीत तेच म्हणाली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "वन आई अल्रेडी इनफ, लाह."

घानातही मोठ्या माणसांना डाव्या हाताने काही देणं-घेणं म्हणजे उद्धटपणा, हे मला तेव्हा कळलं. शेजारीणही जन्माची डावरी. लहानपणी घरचे तिचा डावा हात ताटातून बाजूला सारायचे, शाळेत त्यावर छडी बसायची. शेवटी हात सुधारला.

"पायाला मात्र कुणी काही बोललं नाही," ती म्हणाली. "मुली पायाने काही करतात, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं."

त्या पायाने तिला कुठून कुठे नेलं, ते मी पुढे कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. चिंध्यांच्या चेंडूने मुलांबरोबर लाल मातीत खेळणारी ही पोर गावच्या संघात गेली, तिथून राजधानीतल्या क्लबात, आणि तिथून देशाच्या शिबिरात. तिथे निवड करणाऱ्यांनी तिला पुन्हा पुन्हा डावललं. हा मराठी शब्द तिला समजावून सांगताना मीच चपापले. वगळायचं तर आपण डावलतो, आणि मुलीचं लग्न लावून मोकळं व्हायचं तर तिला उजवतो. तिच्या घरच्यांनाही तिला उजवायचीच घाई होती. ती हसत म्हणाली, तुमची भाषा माझ्या काकांनी बनवलेली दिसते.

पण बाई हटली नाही. शेवटी देशाची जर्सी मिळाली, मग युरोपातल्या एका देशात बर्फ बाजूला सारून सराव, आणि मग सिंगापूर. मी पुण्याहून इथे आले ती बँकेतली नोकरी हातात घेऊन, नवरा आणि प्रेशर कुकर बरोबर घेऊन. त्याचंही मला केवढं कौतुक होतं. तिच्यासमोर ते सांगायचं मी बंद केलं.

त्या मोसमात तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढचे सगळे सामने तिने बाकावर बसून पाहिले. मोसमाबरोबर करार संपणार होता. क्लबने तो वाढवला नाही, तर वर्क पासही जाणार आणि तिला परत जावं लागणार. या वयात, असा गुडघा घेऊन दुसरा क्लब मिळणं कठीण, हे तिने मला सरळच सांगितलं होतं. शेवटचा एक सामना उरला होता. मी सिद्धिविनायकाला साकडं घातलं आणि लेकीला घेऊन मेट्रोने मैदान गाठलं.

बरोबरी होती. सामना संपत आला तेव्हा तिला आत पाठवलं. बाकीच्या जिवाच्या आकांताने धावत होत्या आणि ही चक्क चालत होती. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात उजवीकडून चेंडू आला. तिने तो अडवला नाही, अंगासमोरून पलीकडे जाऊ दिला. अडवायला आलेली मुलगी त्याच्यामागे वळली, आणि त्या अर्ध्या श्वासात डावा पाय फिरला. गोलकीपर जागची हललीसुद्धा नाही, चेंडू जाळ्यात. इतकी वर्षं, इतके देश, इतके नकार, आणि त्या सगळ्यातून एका पायात उरलेलं हे नेमकेपण. मला रडू आवरेना.

सामन्यानंतर ती कुंपणापाशी आली. मी म्हटलं, आता तुझा वर्क पास कोण अडवतंय ते बघतेच.

ती म्हणाली, "मला सकाळीच सांगितलंय. करार वाढवणार नाहीत."

म्हणजे हे माहीत असताना ती आत गेली होती. मी विचारलं, मग एवढा जीव कशासाठी लावलास? तिला प्रश्नच कळला नसावा.

"चेंडू डाव्या पायावर आला होता," ती म्हणाली.

आपल्याकडे अशा वेळी जे करतात तेच मला सुचलं. लेकीला म्हटलं, आंटीच्या पाया पड. एरवी हुज्जत घालणारी माझी पोर मुकाट्याने वाकली. शेजारणीला वाटलं, बुटाची नाडी सुटली असावी. तिने डावा पाय पुढे केला.

लेकीने त्या चिखलाच्या बुटाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. हात डावा होता. मी तिला तो बदलायला सांगितलं नाही.