रविवारी लावायचं चित्र

त्या रविवारी सकाळी सईनं आत्याचं चित्र माझ्या हातात ठेवलं, तेव्हा मी दाढी करत होतो. साबणाच्या हातानंच ते घेतलं आणि म्हणालो, "येते आत्या. बसमधी बसली असंल आता." निर्मलाताई, माझी मोठी बहीण, दर रविवारी वर्ध्याहून, नालवाडीतल्या तिच्या दोन खोल्यांना कुलूप लावून, आर्वीला आमच्याकडे यायची. सई माझी मुलगी. नऊ वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे. ती बोलत नाही, चित्रं देऊन मागते. गाल फुगवलेली आत्या हे तिचं सगळ्यात लाडकं चित्र. दाढी पुरी व्हायच्या आत ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताई चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मी फोन खाली ठेवला तर सई अजून समोरच उभी. चित्र दिलं की ते मिळतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताईनंच तर शिकवलं होतं.

ताईच्या कामाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ती नुसतं एबीए म्हणायची. माणूस जसं वागतो तसं का वागतो, आधी काय घडतं, नंतर त्याला काय मिळतं, हे बघून छोट्या छोट्या पायऱ्यांनी नवं शिकवायचं, असं ते काम. नागपूरला शिकली, तिथल्या एका केंद्रात राबली आणि मग नालवाडीत स्वतःच्या खोल्यांतच सईसारखी मुलं शिकवायला घेऊ लागली. आर्वीत मात्र लोकांचे तर्क भलतेच. कोणाला तो शिस्त लावायचा क्लास वाटे, कोणाला मंतरून पाणी देण्यासारखं काही. माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात एकानं बायको माहेरून परत येत नाही म्हणून ताईचा पत्ता मागितला होता. मी तो दिलाही. ताई त्यावर पुढचे कित्येक रविवार मला बोलत होती.

खरी लढाई झाली ती आमच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे लेकराला काही मागावं लागणं म्हणजे घरातल्या बाईचा कमीपणा. माझी माय तर सई झोपेतून उठायच्या आत तिच्या उशाशी मुरमुऱ्यांची वाटी ठेवायची. पाण्याकडे नजर गेली की पेला तोंडाशी. ताईनं पहिल्याच महिन्यात मुरमुरे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरले, वरच्या फळीवर ठेवले आणि दाराला चिकटपट्टी लावून त्यावर मुरमुऱ्यांचं चित्र अडकवलं. सईनं ते चित्र काढून हातात दिलं की त्याच क्षणी मुरमुरे द्यायचे, असा नियम. माय दोन्ही वेळ जेवली नाही. म्हणाली, "लेकराले भीक मागाले लावते का वं?"

"भीक नाई माय, बोलनं आहे ते तिचं," ताई म्हणाली. "तू न मागता सारं देतं, मंग ते बोलंल काऊन?"

मायला ते पटलं नाही. पण एका दुपारी सईनं स्वतःहून चित्र काढलं आणि कोणाकडेही न बघता थेट मायच्या मांडीवर आणून ठेवलं. माय रडत रडत बरणीचं झाकण उघडत होती आणि ते काही केल्या उघडत नव्हतं. शेवटी ताईनं उघडून दिलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

मीही काही गप्प बसणारा नव्हतो. एकदा चिडून म्हणालो, हे म्हणजे कुत्र्याला बिस्कीट दाखवून शिकवतात तसलं झालं, पोरीला लालूच लावली तू. ताई चिडली नाही. चिडणं हे खातं तिनं माझ्याकडेच ठेवलं होतं. "लालूच म्हंजे आंधी दाखवून काम काढून घेनं," ती म्हणाली. "मी तं तिनं केल्यावर देतो. आन तू गोड बोलला म्हनून गिऱ्हाईक परत येते, मंग तू बी कुत्रंच काय रे संजू?" शिवाय बक्षीस म्हणजे गोळी-चॉकलेटच असतं हेही तिनं खोटं पाडलं. सईला सगळ्यात हवं होतं ते काय, तर आत्यानं गाल फुगवावेत आणि आपण दोन बोटांनी ते फोडावेत. त्या गालांसाठी ती बटण लावायला शिकली, चप्पल घालायला शिकली. आपल्या धंद्यातल्या खोट्या गोष्टीही ताई लपवत नसे. काही जण मुलांचे हात दाबून धरतात, बळेच डोळ्याला डोळा भिडवायला भाग पाडतात, हे सांगताना तिचा आवाज कडक व्हायचा. सई आनंदात दोन्ही हात पंखांसारखे हलवते. ते बंद करता येईल का, असं मी विचारलं होतं. "कोनाचं काय घेऊन राह्यली ते? हलवू दे," एवढंच म्हणाली. सई बरी होईल असं ती कधीच म्हणाली नाही. तिला सांगता येईल, असं म्हणायची.

मायनं गिरडच्या दर्ग्याला नवस बोलला होता म्हणून एकदा आम्ही सगळे टेकडीवर गेलो. पायऱ्यांपाशी सई कान झाकून खाली बसली आणि किंचाळू लागली. लोक जमले. एक गृहस्थ म्हणाले, दोन द्या ठेवून, सरळ होते. माझा हात उठलाच होता. ताई सईच्या शेजारी धुळीत बसली आणि मला विचारलं, "ओरडाच्या आंधी काय झालं?" झालं होतं एवढंच की शेजारच्या दुकानाचा भोंगा सुरू झाला होता. आम्ही तिला खाली लिंबाच्या सावलीत नेलं आणि ती शांत झाली. तेव्हापासून मी दुकानात पाना आपटला तरी ताई विचारायची, "आंधी काय झालतं, ते सांग." आता पाना आपटला की नुसता आवाज येतो.

ताईचे दोन नियम मला राहून राहून आठवतात. सई पूर्वी मोबाइलसाठी किंचाळायची आणि आम्ही द्यायचो. ताईनं ते थांबवायला लावलं तेव्हा आधीच बजावलं होतं: "भेटनं बंद झालं की लेकरू आंधी जास्त करते. घाबरजो नको. मंग हळूहळू ते मागनंच विझते." तसंच झालं. दुसरा नियम असा, की जे देता येत नाही त्याचं चित्र पट्टीवर लावायचं नाही. म्हणून तिचं स्वतःचं चित्र एरवी खणात असायचं, आणि फक्त रविवारी सकाळी अर्चना, माझी बायको, ते दारावर लावायची.

ताई गेल्यावर आम्ही ते लावलं नाही. पण सईला रविवार कळतो, कसा ते मला माहीत नाही. तिनं खण उघडला, चित्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, "आत्या नाही, बेटा." तिनं चित्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा दिलं. मग मायला, अर्चनाला, परत मला. पुढच्या रविवारी ते माझ्या छातीवर इतकं दाबलं की कोपरा रुतला. मी गाल फुगवले. तिनं बघितलं, बोटं लावली नाहीत, आणि चित्र परत माझ्या हातात कोंबलं. मला काही म्हणजे काही सुचत नाही. चित्र लपवावं तर पोरीच्या तोंडातला शब्द काढून घेतल्यासारखं होतं. ठेवावं तर मागितलं तरी मिळत नाही, हे मीच तिला दर आठवड्याला शिकवतो. एका चित्रावरचा भरवसा उडाला तर पाण्याच्या, मुरमुऱ्यांच्या चित्रावरचाही उडेल का? मग ती परत मुकी होईल का? हे विचारायचं तर ताईलाच विचारायचं होतं... तिचा नंबर मी दोनदा लावलासुद्धा.

गेल्या रविवारी सकाळी सईनं चित्र आणून दिलं. मी नेहमीचं उत्तर दिलं आणि पुढच्या झटापटीसाठी मन घट्ट केलं. पण ती वळली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. परत आली नाही. इतके दिवस, तिनं थांबावं म्हणून मी देवाला हात जोडत होतो. ताईनं सांगितलं होतं अगदी तसंच मागणं विझत होतं, तिचं शास्त्र कुठे चुकलं नव्हतं. मी उठलो, ताईचं चित्र दारावरच्या पट्टीवर लावलं, सईला बसल्या जागेवरून दिसेल असं. आणि ते चित्र घ्यायला तिच्यापुढे हात पसरून उभा राहिलो.