भिंगारच्या लॉजचं दार

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासासोबत ह्यांचा लॉजचा पांढरा एप्रन हाती येतो, आणि मी पुन्हा भिंगारच्या त्या दारात उभी राहते.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं. ह्यांना रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. "रक्त द्यायला माणसं आणा," डॉक्टर म्हणाले. आमचं तिथं नात्याचं कोणीच नव्हतं. मी अनवाणीच फ्रीमेसन लॉजकडे, म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या ह्यांच्या त्या गुप्त मंडळाच्या इमारतीकडे, धावत सुटले. लोक त्याला जादूघर म्हणत. हे सारखे तिथं जात, म्हणून मला त्या जागेचा रागच होता.

दारात तलवार घेऊन पहारेकरी उभा होता. "बाई, सभा चालू हाय. आत जाता येत न्हाई."

"मग त्यांना बाहेर बोलवा! माझा माणूस मरतोय!"

माझ्याकडे बघून त्यानं तलवार भिंतीला टेकवली आणि दारावर मुठी आपटल्या. एप्रन न सोडताच आतले सगळे माझ्यामागे दवाखान्याकडे धावले. त्यांच्यातल्या एका कॅप्टनसाहेबांचं आणि एका मुसलमान मास्तरांचं रक्त जुळलं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले.

कित्येक वर्षं मला ते बंद दारच तेवढं आठवायचं. आता आठवतो तो तिरडीला खांदा दिलेला लॉजमधलाच म्हातारा पारशी दुकानदार. तो रडत म्हणत होता, "वहिनी, आमचा भाऊ गेला."