सलीमभाईकडून आणलेला सर्व्हर

आधीच सांगतो — भूत, करणी, भानामती सांगत बसणाऱ्याला मी दुकानातून हाकलतो. नांदुऱ्यात स्टेशनजवळ माझा केबल-इंटरनेटचा धंदा आहे. वायर तुटली तर मी वायर तुटली म्हणतो, नजर लागली म्हणत नाही. तेव्हा खाली कमेंटमध्ये येऊन मला विज्ञान शिकवू नका.

ते बोंडअळीचं वर्ष. बीटी कपाशी म्हणून भलतंच बियाणं विकलं गेलं आणि बोंडं किडून गेली. माझा साळा गजू, संग्रामपूरकडचा. त्याने एका कृषी केंद्रवाल्या शेठच्या गोदामात बोगस पाकिटं भरतानाचे फोटो काढले आणि नाव लपवणाऱ्या नेटवर्कवरून पेपरवाल्यांना पाठवले. या नेटवर्कात जगभरचे लोक आपापली मशीनं जोडून ठेवतात, डेटा त्यांच्यावरून फिरत जातो, म्हणून पाठवणारा कोण ते कळत नाही. अशा मशीनला रिले म्हणतात.

गजू म्हणे, "भाऊजी, लोकायच्या मशीनवर आपलं काम झालं. आता आपलं बी एक लावा. इर्जिकच हाय हे... त्यायचे बैल आपल्या वावरात आले, आता आपले त्यायच्या वावरात नको जायले?"

माझी लाइन दिवसा अर्धी रिकामीच असते. म्हटलं, लावू.

मग जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या सलीमभाईशी भांडण. रिलेला सगळा डेटा सतत एन्क्रिप्ट करावा लागतो. ढीगभर कोअर असून उपयोग नाही, एकेक कोअर वेगवान पाहिजे, एन्क्रिप्शनची सोय प्रोसेसरमध्येच पाहिजे, रॅम भरपूर, नेटवर्क कार्ड चांगलं. आणि हा बाबा दुकानात आणून ठेवलेल्या सर्व्हरमध्ये मला कुठला तरी मरतुकडा प्रोसेसर चिकटवत होता! "काढ हे भंगार अन् दुसरा आण," असं खेकसून मी अकोल्याला लग्नाला गेलो.

तिथे मोबाइलवर पाहिलं तर आमचा रिले नेटवर्कवर दिसत होता, वेग झकास. दुकानात आलो तर डेटा धो धो वाहतोय. "मीच जोडला," गजू म्हणाला. सलीमने प्रोसेसर आणला असेल... झाकण उघडून कोण बघतो?

पुढच्या आठवड्यात फोटो छापून आले. आणि या गाढव गजूने टपरीवर फुशारकी मारली — भाऊजीकडे नाव लपवायचं मशीन आहे! भर दुपारी शेठ दुकानात. सोबत दोन धटिंगण आणि एक कॉम्प्युटरवाला.

"कुठं हाय बे ते मशीन? कोनं फोटो काढले ते याच्यातच असन."

"शेठ, हात लावू नका. पोलिसात जाईन."

"जाय ना. पायानं जाशील का खांद्यावर?"

गजू कानाशी आला. "भाऊजी... फोटो याच्यातच ठेवले मी. माह्या नावाच्या फोल्डरात."

थोबाडात द्यावीशी वाटली. पण त्याहून जास्त भीती वाटली. नाव कळलं असतं तर त्याचे हातपाय शाबूत राहिले नसते, आणि बायकोला मी काय तोंड दाखवलं असतं?

कॉम्प्युटरवाल्याने वायर उपटली, झाकण काढलं, पंखा काढला. बघतच राहिला.

"शेठ, याच्यात प्रोसेसरच नाही. खोबण खाली हाय."

"आत्ता दिवे लागले होते ना बे?"

"दिवे लागतेत, पंखे बी फिरतेत. पन डोकंच नाही याले. असं मशीन कामच करू शकत नाही."

शेठ हसला. "डब्बं हाय हे!" एक लाथ घातली आणि निघून गेला. डिस्ककडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी सलीमभाई आला, हातात छोटी डबी. "भाऊ, माफ करा, उशीर झाला. हा घ्या तुमच्या पसंतीचा प्रोसेसर. जुना तर मी त्याच दिवशी काढून नेला. गजूले बोललो होतो, चालू करू नको म्हणून."

गजू पांढराफटक. "मले वाटलं जुनाच भंगार आत हाय, त्याच्यावर बी चालते..."

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. फोटो होते, फोल्डरही होता. मी ते तिथल्या तिथे पुसून टाकले. मग डिस्क परत लावून नवा प्रोसेसर बसवला. मशीन चालू होईना. सलीमने आणखी दोन बदलून पाहिले. तेच प्रोसेसर दुसरीकडे सुतासारखे सरळ चालतात, याच्यात नाही. का, ते मला आजही माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर तुमच्यापाशीच ठेवा.

गजू मशीनकडे बघत म्हणाला, "इर्जिकीचे बैल होते भाऊजी. काम झालं, गेले."

असलं बोलणाऱ्याला मी हाकलतो. त्या दिवशी म्हटलं, "बस बे. चहा पी."