टचिंग केलेला तलाव

नवरदेवाशी बोलावं तसं दौलतभाऊ पाखरांशी बोलायचे. तलावाच्या काठी बेशरमाच्या झुडपात पोटावर पडून, लांब लेन्स रोखून हा पन्नाशीचा माणूस कुजबुजायचा, "मान वर... जराशी इकडे. हं, आता हालू नोको, माय!" तेवढ्यात समोरची पाणकोंबडी शेपटी झटकून चालती व्हायची आणि दौलतभाऊ कपाळाला हात लावायचे. "इच्यापेक्षा लग्नातल्या म्हाताऱ्या बऱ्या. बसा म्हटलं तं बसतेत."

त्यांचा स्टुडिओ आमच्या गावच्या बाजारात होता. भंडारा जिल्ह्याच्या आमच्या भागात सत्तरच्या दशकात ज्याचं म्हणून लग्न जमलं, त्याचा फोटो दौलतभाऊंनीच काढलेला. नाव होतं ते त्यांच्या टचिंगचं. निगेटिव्ह उजेडावर धरून पेन्सिलीनं आणि ब्रशनं ते देवीचे व्रण पुसायचे, तिरळा डोळा सरळ करायचे. मी कधी छेडलं, की हे खोटं नाही का, तर म्हणायचे, "आरशात दिसते थे फुकटात दिसते. थेच पाहाले मानूस माझ्याजवळ कायले येईन?"

पाखरांचे फोटो मात्र कोणी न सांगता काढलेले. दर रविवारी तलाव. दुकानाच्या काचेत नवरा-नवरीच्या फोटोंमध्ये त्यांनी बदकांची एक जोडी लावली होती. येणारे-जाणारे विचारायचे, "दौलतभाऊ, या जोडप्याचं लग्न कुठं लागलं?" ते शांतपणे सांगत, "तलावावर. तुमाले बलावलं नाही वाटते?"

मग पालिकेनं तलाव बुजवायला घेतला. मी सरळच लिहितो, कारण पालिकेनं सरळ कधी सांगितलं नाही. कागदावर होतं 'गाळ काढणे', आणि ट्रक मुरूम आणून ओतत होते. तिथं दुकानांचे गाळे व्हायचे होते आणि ते कोणाला मिळायचे हेही ठरलेलं होतं. आम्ही काही पोरांनी पत्रकं छापली, चौकात ओरडलो, भंडाऱ्याला जिल्हा कचेरीत तक्रार केली. अखेर तिथून एक साहेब सुनावणीला येणार असं कळलं. पुरावा पाहिजे होता. मी दौलतभाऊंना म्हटलं, "भाऊ, एकाच फोटोत दोन्ही पाहिजे. पुढं पाखरं, मागं मुरमाचा ढीग."

हिवाळ्यातला तो रविवार आम्ही सकाळपासून झुडपात काढला. अडई बदकांचा थवा ढिगाजवळ उतरायचा, ट्रक यायचा, थवा शिट्ट्या घालत उडायचा. दौलतभाऊंनी एकही फोटो काढला नाही. दुपारी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "खडा मारतो. उडताना काढा, झकास येईल."

"खबरदार! गिऱ्हाईक बसून राहिलं अन् त्याले खडा मारतं का बे?"

ऊन कललं. ट्रक थांबले. थवा उतरला, अगदी ढिगासमोर, आणि पिवळ्या उजेडात पिसं साफ करत बसला. खटका वाजला. दौलतभाऊ किती तरी वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "आला, बाबू. माझ्या जन्माचा फोटो आला."

पालिकेच्या कचेरीतल्या सुनावणीला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. फोटो मोठा करून, काचेची फ्रेम करून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. सगळ्यांदेखत त्यांनी तो टेबलावर उघडला. असा फोटो मी पुन्हा पाहिला नाही. पाखरं, आणि त्यांच्यामागं पार पलीकडच्या काठापर्यंत चमचमणारं पाणी.

साहेबांनी विचारलं, "यात मुरूम कुठे आहे?"

"काहाडला नं, साहेब," दौलतभाऊ अभिमानानं म्हणाले. "निगेटिव्हवरच टचिंग केलं. कोनाले पत्ता नाही लागत."

पालिकेचे अध्यक्ष आधी हसले. मग सगळेच हसले. अध्यक्ष म्हणाले, "मंग पाखरंबी पेन्सिलीचेच असतीन, दौलतभाऊ!"

मी ओरडलो, "साहेब, फोटो सोडा! या खिडकीतून तलाव दिसतो. उठून पाहा!" साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "पुरावा तुम्हीच आणला ना?" कोणीही उठलं नाही. खिडकीपर्यंतसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मी दौलतभाऊंना धरलं. "काय करून बसलात हे?"

ते फ्रेम पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. "एवढे साजरे पाखरं. त्यायच्या मागं थो ढीग कसा ठेवू? माझ्यानं पाहवलं नाही, बाबू."

मला त्यांचा राग आजही येतो. हसणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो, पण त्यांच्याकडून मी आशाच केली नव्हती.

तलाव पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बुजला. अडई एक-दोनदा येऊन वर घिरट्या घालून गेल्या. दौलतभाऊंनी ब्रश-पेन्सिल टाकून दिली. लग्नाच्या मुलीचा फोटो तोंडावरच्या व्रणांसकट देऊ लागले. एक बाप फोटो काउंटरवर आपटून गेला, "पोरीचं वाटोळं करता का?" गिऱ्हाईक रंगीत फोटोवाल्या नव्या स्टुडिओकडं गेलं. ज्या लोकांना तलावाचा खरा फोटो नको होता, त्यांना स्वतःचा तरी कसा चालावा?

दुकानाला कुलूप लावून ते लेकीकडं, करडी गावाला निघाले, तेव्हा मी एस.टी. स्टँडवर गेलो होतो. हातात एकच पिशवी. मी म्हटलं, "भाऊ, करडीकडं धानाच्या बांध्या आहेत, तलाव आहेत. पाखरं भरपूर असतील."

"आहेत नं," ते बसच्या पायरीवर चढत म्हणाले. "म्हणूनच कॅमेरा नेऊन नाही राहिलो."